दादाचं शून्य

रुग्णालयाच्या तळघरात, लांब बोळाच्या शेवटच्या दाराआड, सीटी स्कॅनचं मोठं गोल यंत्र होतं आणि त्या यंत्राइतक्याच मुरलेल्या टेक्निशियनबाई होत्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं होतं. फाटकावरच्या रखवालदारापासून वरच्या मजल्यावरच्या मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना श्वासबाई म्हणत. काचेपलीकडून, माईकमधून, दिवसातून तीस-चाळीस वेळा त्या एकच वाक्य बोलत, "श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा." अशी एकोणीस वर्षं झाली होती. हेच वाक्य यंत्राला स्वतःच्या आवाजात बोलता येत होतं, त्याचं बटणही होतं. बाईंनी ते कधी दाबलं नाही. त्यांचं म्हणणं असं की यंत्र 'सोडा' म्हणालं की घाबरलेला माणूस आणखीच धरून ठेवतो.

काचेतून त्यांना झोपलेल्या माणसाचे पाय तेवढे दिसत, आणि पायांवरून त्या माणूस ओळखत. अंगठे हलवणारा घाबरलेला. घोटा घोट्यावर टाकून निवांत पडलेला त्याहून जास्त घाबरलेला. कुणाच्या मोज्याला भोक असलं तर आत जाऊन, चादर नीट करण्याच्या निमित्ताने त्या ते झाकून येत. त्या माणसाला वाटे, बाई थंडीची काळजी करताहेत.

एक नियम मात्र त्या काटेकोर पाळत. पडद्यावर काय दिसलं ते सांगायचं काम डॉक्टरांचं. टेक्निशियनने तोंड उघडायचं नाही. बाहेर येणारा प्रत्येक माणूस त्यांच्या तोंडाकडे बघे, आणि बाईंचं तोंड म्हणजे सुट्टीच्या दिवशीच्या दुकानाचं शटर. आत काय आहे, कुणाला पत्ता लागत नसे. पडद्यावर सगळं चांगलं दिसलं तरी त्या हसत नसत, कारण मग पुढच्याला न हसल्याचा अर्थ कळला असता.

हा नियम त्यांनी एकदा मोडला, तोही सख्ख्या भावासाठी.

दादा त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठा. चढणीच्या पायथ्याशी त्याचं दोन खुर्च्यांचं सलून होतं आणि चढणीच्या माथ्यावर घर. त्यांचे वडील एकोणपन्नासाव्या वर्षी, एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता गेले. एका पायाची बांधून झाली होती, दुसऱ्याची राहिली. दादा तेव्हा सतराचा. त्याने शाळा सोडली आणि एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली कात्री धरली. हात बसेपर्यंत सरावासाठी डोकं हवं, ते घरातच होतं. पहिले सहा महिने बहिणीच्या कपाळावरची झुलपं अशी कापली जात की शाळेत मुली तिला 'कुंपण' म्हणत. दादा मात्र लहानपणीच्या गुबगुबीत गालांवरून तिला ठमी म्हणे, अजूनही म्हणे. ठमी शिकली, तळघरातल्या यंत्रापर्यंत पोचली, त्यामागे दादाचे उभे राहून सुजलेले पाय होते. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघंही त्याबद्दल कधी बोलत नसत.

दादाला सत्तेचाळिसावं लागलं तशी वहिनीची झोप उडाली. ती शाळेच्या कचेरीत काम करायची, हिशेबाला पक्की. वडील एकोणपन्नासाला गेले, म्हणजे हातात दोन वर्षं, असं तिने सरळ मांडलं आणि नवऱ्याला ओढत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, चालताना छातीत दुखतं का, दम लागतो का, डावा हात जड होतो का. दादाने सगळ्याला 'नाही' असं ठणठणीत उत्तर दिलं, तोंडी परीक्षेला बसल्यासारखं. मग डॉक्टर म्हणाले, काही तक्रार नसेल तर एक साधा स्कॅन करून घेऊ. हृदयाच्या नळ्यांमध्ये चुना साठला असेल तर तो पांढरा दिसतो, किती आहे त्याचा आकडा येतो.

असा दादा बहिणीच्या यंत्रात येऊन पडला. घोटा घोट्यावर टाकलेला. पाच मिनिटांचं काम. न सुई, न औषध. बाईंनी नेहमीचं वाक्य म्हटलं, आणि पडद्यावर आकडा उमटला. शून्य.

बुटाची ती अर्धवट नाडी तीस वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढे होती, ती त्या क्षणी पुसली गेली. दार ढकलून त्या आत गेल्या आणि दादा उठून बसायच्या आत म्हणाल्या, "शून्य, दादा. एक ठिपका नाही."

दादाने शर्टाची बटणं लावली. मग म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा शून्य मिळालं आणि कुणी मारलं नाही."

दोन दिवसांनी डॉक्टरांच्या सहीचा कागद आला. वर आकडा होता आणि तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती की न कडकलेला मऊ थर या तपासणीत दिसत नाही, रुग्णाला त्रास असल्यास पुढील तपासणी करावी. दादाने ती वाचली नाही. बाईंना ती पाठ होती. प्रत्येक कागदावर तीच ओळ, एकोणीस वर्षं. रोजच्या रस्त्यावरच्या खांबासारखी. दिसायची, पण कुणी बघत नसे.

मग ते शून्य गावभर फिरलं. सलूनमध्ये खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या गळ्याला कापड बांधलेलं असतं, त्याला पळता येत नाही. दादाने प्रत्येकाला आपलं शून्य ऐकवलं. गिऱ्हाइकं तळघरात येऊ लागली, 'शून्याची तपासणी इथेच होते का' असं विचारू लागली. एकाला बारा आकडा आला तर तो इतका ओशाळला की महिनाभर केस कापायला गेला नाही. हृदयाच्या डॉक्टर, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई, एकदा तळघरात डोकावून म्हणाल्या की तुमच्या भावाला आपल्या जाहिरात खात्यात घ्यायला हवं. श्वासबाई हसल्या, पण आकडा दादाला आधी कुणी सांगितला हे काही त्यांनी सांगितलं नाही.

घरी वहिनीचं एक चालेना. दिवसाला दोनवर आणलेल्या सिगारेटी पुन्हा आठ-दहावर गेल्या. तिने पाकीट लपवलं की दादा म्हणे, "अगं, शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच. तू कचेरीत काम करतेस, तुला एवढंही येत नाही?" पालथ्या घड्यावर पाणी. वहिनी नणंदेपाशी कुरकुर करायची आणि नणंद तिला समजवायची की आकडा चांगला आहे, आता उगाच त्याच्या मागे लागू नकोस. हे वाक्य पुढे बाईंना फार दिवस टोचलं.

दर गुरुवारी संध्याकाळी बाई दादाकडे जेवायला जात. कामावरून सुटून आधी सलूनमध्ये, तिथून दोघं मिळून चढण चढून घरी. चढणीच्या मध्यावर नळ आणि तोट्यांचं एक दुकान होतं. एका गुरुवारी दादा तिथे थांबला आणि काचेतले नळ बघू लागला. हा चांगला की तो, असं त्याने विचारलं. बाईंनी एक दाखवला. पुढच्या गुरुवारी तो पुन्हा थांबला. घरातले नळ बदलायचे आहेत का, असं बाईंनी जेवताना वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, नळांना काय धाड भरली आहे.

तरीही त्यांच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते आणखी एका आठवड्याने, आणि तेही घरी परतल्यावर, चपला काढताना. त्या दिवशी चढणीवर दादाने विचारलं होतं की तुझं ते यंत्र मिनिटाला किती वेळा फिरतं. मग विचारलं, उन्हाळ्यात तळघर तापतं का. मग, तुझ्या हाताखाली नवीन कोण येणार. बाई खुशीत उत्तरं देत गेल्या होत्या. आता एक चप्पल हातात धरून त्या उभ्या राहिल्या. जन्मात दादाने त्यांना एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. समोरच्याच्या 'म्हणजे' आणि 'पण'च्या मध्ये घुसणारा माणूस तो. आणि आज अख्खी चढण त्याने बहिणीला बोलू दिलं.

तो ऐकत नव्हता. तो दम खात होता.

पुढच्या गुरुवारी त्यांनी ठरवून तोंड बंद ठेवलं. दादाने विचारलं, रखवालदाराच्या मुलीचं लग्न ठरलं का. त्या म्हणाल्या, हं. त्याने आणखी एक विचारलं. त्या म्हणाल्या, हं. तिसरा प्रश्न आला नाही. नळांच्या दुकानाशी दादा थांबला, एका हाताने त्याने खांब धरला आणि दुसऱ्या हाताची मूठ छातीच्या मध्यावर दाबली. हवा गार होती आणि त्याच्या ओठांवर घाम होता.

"किती दिवस होतंय हे?" त्यांनी विचारलं.

"जळजळ आहे गं. दुपारचं जेवण वेळेवर होत नाही."

"आणि थांबलास की जाते?"

"जाते."

"जळजळीला चढ कळतो होय रे दादा?"

दादा दुकानाच्या पायरीवर टेकला. थोड्या वेळाने त्याचा श्वास बसला आणि त्याबरोबर त्याचा रुबाबही परत आला. "ठमे, तूच सांगितलंस ना? एक ठिपका नाही. तुझ्या यंत्राला कळत नसेल तर मग काय नळवाल्याला विचारू?"

बाई त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. हे बोलणं त्यांना फार जड गेलं. "आकडा खरा होता," त्या म्हणाल्या. "मी चुकले. मला सांगायचा अधिकार नव्हता, आणि सांगितलं तेही अर्धंच. त्या स्कॅनला चुना तेवढा दिसतो, कडक झालेला. मऊ थर असेल तर तो मांसाच्या रंगाचाच असतो, त्यात मिसळून जातो. तो दिसायला आधी शिरेतून डाय, म्हणजे नळ्या उजळवणारं औषध, सोडावं लागतं."

दुकानदार काचेमागून बघत होता, हे दोघं अखेर नळ घेणार की काय म्हणून. मग दादा आपल्या तळहाताकडे बघत म्हणाला की गोऱ्या म्हाताऱ्याची पांढरी दाढी करताना असंच होतं. डोळ्याला गाल स्वच्छ दिसतो, गिऱ्हाईक आरशात बघून खूश होतं. उलटा हात फिरवला की कळतं, खुंट तसेच आहेत.

"मग उलटा हात फिरवू दे मला," बाई म्हणाल्या.

तेव्हा कुठे तो बोलला. आठ महिने होत होतं. म्हणजे स्कॅनच्याही आधीपासून. मग डॉक्टरांना 'नाही' असं का सांगितलंस, असं त्यांनी विचारलं, तर त्याचं उत्तर तयार होतं. "त्यांनी विचारलं तेव्हा मी खुर्चीवर बसलो होतो. बसल्यावर दुखत नाही. खोटं काय बोललो?"

त्या दिवशी उरलेली चढण त्याने रिक्षाने पार केली. लाज वाटत होती म्हणून वळणावरच उतरला.

सकाळी कामाला लागायच्या आधी श्वासबाई वरच्या मजल्यावर गेल्या आणि हृदयाच्या डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या. नियम मोडल्याचं आधी सांगितलं, त्रासाचं नंतर. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या म्हणाल्या की आकड्यात काही खोट नव्हती. ज्याला कसलीच तक्रार नाही, अशा माणसाला शून्य आलं तर ते फार चांगलं शून्य असतं. पण तुमच्या भावाला तक्रार होती, म्हणजे ते शून्य दुसऱ्याच कुणाचं तरी होतं, त्याने ते आपल्या नावावर लावून घेतलं. पन्नाशीच्या आतल्या माणसात थर कडक व्हायला वेळच मिळालेला नसतो. त्यात सिगारेट, त्यात वडील तसे गेलेले. असे लोक शंभरात थोडेच, पण थोड्यांतला एक आपल्या घरात असला की शंभराचं काय घेऊन बसायचं.

"माझ्या चुकीचं..." बाईंनी सुरुवात केली.

"त्याबद्दल मी तुम्हाला सावकाश रागावणार आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आधी त्याला आणा. चालत नको."

ईसीजी झाला, रक्त तपासलं, दोन्ही ठीक. मग दादा पुन्हा त्याच यंत्रात पडला, या वेळी दंडात सुई. सख्ख्या भावाचा स्कॅन आपण करू नये म्हणून बाईंनी सहकाऱ्याला बसवलं होतं. पण चित्र स्वच्छ यायला नाडी साठीच्या आसपास हवी, आणि दादाची अठ्ठ्याऐंशी. गोळी दिली, तासभर थांबले, ती ऐंशीवर अडून राहिली. सहकाऱ्याने माईक बाईंकडे सरकवला. त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "दादा, मी आहे इथे. श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा." सरावासाठी दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा नाडी चौसष्टवर आली.

डाय गेला. अंग गरम झालं म्हणून दादाचे अंगठे हलले. पडद्यावर हृदयाच्या नळ्या एकेक करून उजळल्या, झाडाच्या फांद्यांसारख्या. आणि हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणाऱ्या मोठ्या नळीत, सुरुवातीपासून बोटभर अंतरावर, ती पांढरी रेघ एकाएकी चिमटीत धरल्यासारखी बारीक झाली होती. बाजूला करडी सावली. चुन्याचा कण म्हणाल तर एक नाही. बाईंना ते कळायला एक सेकंद लागला आणि सहकाऱ्याला दोन.

सुई काढायला आत जायला हवं होतं. त्यांनी तोंडाचं शटर खाली ओढलं आणि आत गेल्या. सुई काढली, कापूस दाबला, पट्टी लावली. नजर पट्टीवरच ठेवली.

दादा त्यांच्याकडे बघत होता. "तीस वर्षं आरशात लोकांची तोंडं बघतोय," तो हळूच म्हणाला. "केस कापून झाल्यावर 'छान झालं' म्हणणाऱ्याला खरंच आवडलंय की नाही, मला कळतं."

"डॉक्टर सांगतील," बाई म्हणाल्या. आणि नीट बसलेली पट्टी त्यांनी पुन्हा दाबून बसवली.

"हो, त्यांनाच सांगू दे. तू नको बोलूस." त्याने मोकळ्या हाताने त्यांच्या मानेवरची बट उचलून बघितली. "मागून वाढलेत. कापायला हवेत."

डॉक्टरांनी सांगितलं. नळीचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग बुजला होता, मऊ थराने. तो फुटला असता तर बुटाची नाडी बांधायलाही वेळ मिळाला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी मनगटातून तार घालून, नळी उघडी धरणारा जाळीचा स्टेंट बसवायचा ठरला. तयारीला एक वयस्कर वॉर्डबॉय मनगटावरचे केस काढायला आला, तेव्हा दादाने त्याला वस्तरा धरायचा कोन शिकवला, कातडं कसं ताणायचं ते दाखवलं आणि शेवटी म्हणाला, द्या इकडे, मीच करतो. वॉर्डबॉयने दिला नाही. आपल्यालाही चोवीस वर्षं झाली या कामात, असं त्याने सुनावलं. दोघांची तिथेच मैत्री झाली.

बाहेर बाकावर वहिनी आणि श्वासबाई बसल्या. वहिनीला रात्री सगळं सांगून झालं होतं, शून्य आधी कुणी सांगितलं तेही. आता ती म्हणाली, "मला तुझा राग आला होता. पण तुझ्या जागी मी असते तर बाहेर पळत येऊन अख्ख्या बोळाला ओरडून सांगितलं असतं." मग तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून नणंदेच्या हातात दिली आणि ती रिकामी होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.

पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आल्या. नळी मोकळी झाली होती, रक्त नीट वाहत होतं. उद्या घरी. गोळ्या चुकवायच्या नाहीत, सिगारेट जन्मात नाही. वहिनीने विचारलं, आता यांना रागावलं तर चालेल का, हृदयाला काही होणार नाही ना. डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "आवाज बेताचा ठेवा." मग श्वासबाईंकडे वळून त्या एवढंच म्हणाल्या की उद्यापासून ती तळाची ओळ कागदाच्या डोक्यावर जाणार, मोठ्या अक्षरांत, आणि स्कॅनच्या आधी प्रत्येकाला त्रास विचारायचा तो खुर्चीवर बसवून नाही, बोळाच्या टोकापर्यंत चालवून. आणि तो तुम्ही विचारायचा. हेच ते रागावणं होतं, हे बाईंना जरा वेळाने कळलं.

वॉर्डात दादा मनगटाला पट्टा बांधून पडला होता, चेहऱ्यावर रंग आला होता. वहिनीने खुर्ची ओढली आणि सुरुवात केली. आठ महिन्यांची जळजळ, गुणाकार, लपवलेली पाकिटं, परीक्षेत दिलेली उत्तरं, सगळं क्रमवार. दादाने मदतीसाठी बहिणीकडे बघितलं. बहीण म्हणाली, "वहिनी, तो नळांच्या दुकानाचा मुद्दा राहिला." मग तिनेही खुर्ची ओढली.

दोघी चांगल्या रंगात आल्या होत्या, तेव्हा दादाने तोंड भिंतीकडे वळवलं. त्या एकदम थबकल्या. वहिनी उठून वाकून बघू लागली, बाईंचा हात त्याच्या नाडीवर गेला. नाडी संथ होती. तो घोरत होता.

वहिनी परत बसली. तिने साडीचा पदर सारखा केला, आवाज कुजबुजीवर आणला आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू केलं.